खोडलेलं सोडियम

वत्सला गेल्याचं तिच्या नवऱ्याचं कार्ड आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. कार्ड वाचलं आणि उरलेले तांदूळही निवडून टाकले... त्याला आता तीन आठवडे झाले. ती माझ्या नात्यातली नव्हे. खाडीपलीकडच्या मिठागरावरच्या दामूची पोर. मुंबईला कॉलेजात सायन्स शिकायची. सुट्टीत सराव करायला पनवेलात माझ्या स्वयंपाकघरात येई, कारण घरी बाप स्पिरिटचा दिवा लावू देईना.

सराव म्हणजे काय, तर प्लॅटिनमची तार आम्लात बुडवायची, पुडीतल्या क्षाराला लावायची आणि ज्योतीत धरायची. सोडियम असलं तर ज्योत पिवळीधमक, पोटॅशियम असलं तर जांभळी. मी काही कॉलेजात गेले नाही, पण तिच्या वह्या वाचून एवढं शिकले. गंमत अशी, की हिची प्रत्येक पुडी पिवळीच जळायची! बाप न्यायला आला की हसायचा, "मिठागरावरची पोर ती, काकू. तिला मीठच दिसनार! नापास झाली की मिठाची टोपली हाय डोक्यावर." हसत म्हणायचा, पण तसं करणारा माणूस होता तो. आम्हा दोघींनाही ते ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. "अगं बये, तार पदराला काय पुसतेस?" पातळ मिठागराच्या बांधावर वाळलेलं, खाऱ्या वाऱ्याने कडक झालेलं. मीठ तिथूनच येत होतं.

तरी परीक्षेत सवयीने तार पदराला पुसलीच. ज्योत पिवळी, हिने 'सोडियम' लिहूनही टाकलं. मग पदराकडे लक्ष गेलं. तार पुन्हा पुन्हा आम्लात बुडवून, ज्योतीचा पिवळेपणा जाईपर्यंत तापवली, पुडीला लावली, उरलासुरला पिवळा झाकणाऱ्या निळ्या काचेतून पाहिलं... जांभळी! वेळ संपत आलेली. 'सोडियम'वर रेघ मारून वर 'पोटॅशियम' लिहिलं. पास झाली. दामूने टोपलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

"खाडाखोड बरी दिसली का गं?" मी विचारलं.

"दिसू दे की, काकू. आधी काय वाटलं तेही कळू दे."

पुढे नोकरी लागली, संसार झाला, पण पत्रं तशीच. चुकलं म्हणून नवं कार्ड घेतलं नाही कधी. तिचं शेवटचं कार्ड माझ्या पेटीत आहे. 'मी बरी आहे' यावर एक रेघ, खालचं स्वच्छ वाचता येतं. वर लिहिलंय, 'बरी नाही. येऊन जा.'

गेले होते मी. दोन दिवस राहिले.