नारिंगी जाकीट

"मर्ल कुठं हाय गं?" ग्लेननं व्हॅनच्या मागच्या दारातनं मुंडकं काढून विचारलं.

वर्नाच्या तोंडात खजुराच्या मिल्कशेकचा घोट होता. "येतोय की मागनं."

"मागनं? अगं बये, जाकीट तुझ्या अंगावर हाय! तुझ्या मागं माणूस असंलच कसा?"

तिनं पेला तसाच खाली ठेवला.

सॅन डिएगोहून फ्लोरिडाला सायकली हाणत निघालेल्या त्या मंडळींचा एकच नियम कडक. नारिंगी जाकीट ज्याच्या अंगात, त्यानं सगळ्यांच्या शेवटी यायचं. जाकीट मुक्कामाला आलं की सगळे आले. ग्लेन पाण्याची व्हॅन रस्त्यावरून काढून घेतो आणि रांधायला लागतो.

आज पाळी वर्नाची. नेब्रास्कात शाळेची बस चालवण्यात हिची हयात गेली. फेरी संपली की शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, एखादं पोरगं झोपून राहिलं नाही ना, बघायचं. एकदाही चुकले नाही, हे ती मंडळींना जेवताना ऐकवायची, पुन्हापुन्हा.

पण असं रेंगाळत येणं तिच्या जिवावर आलं होतं. सत्तरीचा मर्ल सकाळपासून गोगलगायीगत चाललेला, ॲरिझोनाचं ऊन टाळूवर. दुपारनंतर वारा पाठीशी आला आणि नेमका मर्ल चाकातला काटा काढायला थांबला. "हो तू म्होरं, आलोच," म्हणाला. ती झाली म्होरं. मिल्कशेकची टपरी बंद होईल म्हणून सुसाट सुटली.

आता व्हॅनमध्ये ग्लेनशेजारी बसून तिनं जाकीट काढलं आणि मांडीखाली दाबलं. ग्लेननं नुसती व्हॅन आल्या वाटेनं माघारी हाणली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मर्ल सापडला रस्त्याखालच्या मोरीत, सावलीला. ओठ फुटलेले, बाटल्या कोरड्या. पाणी पिऊन ठसका लागला, मग म्हणतो, "लई येळ लावला. हितल्या सरड्याचं बारसं उरकलं मी."

मुक्कामावर सगळे उभेच होते. उतरता उतरता मर्लनं सांगून टाकलं, "चूक माझी. झुडपामागं मुतायला गेल्तो, हिला दिसलोच न्हाई."

लोकांनी माना हलवल्या. वर्नानं नुसतं गप्प बसायचं होतं. तिचे कान तापले.

"खोटं बोलतोय त्यो," ती म्हणाली. "मला ठावं हुतं त्यो मागं हाय. मिल्कशेकपायी टाकून आले."



"एवढं झ्याक खोटं बोललो," मर्ल कुरकुरला, "मातीत घातलंस की!" तरी कुणी हसलं नाही.

"आज बटाटे सोलायचं काम कुणाकडं हाय?" ग्लेननं विचारलं.

तिच्याकडंच होतं. ती व्हॅनच्या आडोशाला पालथ्या बादलीवर बसली, पिशवी ओढली आणि खाली मान घालून सोलायला लागली.