काटा एक, वाचणारे अनेक

मी पोचले तेव्हा उसाची ट्रॉली वजनकाट्यावर उभी होती. मागं गेटच्या बाहेरपर्यंत ट्रॅक्टरची रांग होती. निरवांगीचे बापूराव काटाघराच्या खिडकीत डोकं घालून ऑपरेटरला विचारत होते, "तुझ्या पोरीच्या लग्नात पंगत वाढत होतो मी, तात्या. अन् तू माझाच काटा मारतोस व्हय?"

काटा मारणं म्हणजे वजन कमी दाखवणं. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात यापेक्षा वाईट आरोप नाही. बाहेरच्या मोठ्या बोर्डावर जे वजन दिसत होतं, त्यापेक्षा कॉम्प्युटरच्या पावतीवर दीड टन कमी होतं. तात्याही निरवांगीचेच. 

कारखान्याचं नाव सांगत नाही. तिथल्या कॉम्प्युटरच्या सपोर्टचं काम माझ्याकडं आहे. मी कन्हेरीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि बीसीएस फर्स्ट क्लासमध्ये केलंय. सांगायला लाज कसली?

जीएम साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, प्रोग्रॅममध्ये दोष नाही एवढं लिहून द्या. तात्यांना आजच सस्पेंड करतो. लोक शांत होतील."

"बघितल्याशिवाय मी काही लिहून देत नाही."

"बघा की. पण लवकर. बाहेर ऊस वाळतोय."

तात्यांची नोकरी गेली असती ती गेलीच असती, पण त्यांना राहायचं होतं निरवांगीतच. मी खुर्ची ओढली.

काटाघरातला कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. काट्याकडून एक केबल येते. वजनाचा आकडा बदलला की काटा तो केबलवर एकदाच पाठवतो. पुण्याच्या एका कंपनीनं तो आकडा वाचणारा प्रोग्रॅम लिहिलाय, आणि तो चालू करायला एक छोटी स्क्रिप्ट दिलीय. स्क्रिप्ट म्हणजे ओळीनं लिहिलेल्या कमांड. कमांडच्या शेवटी & हे चिन्ह टाकलं की ते काम बॅकग्राउंडला, म्हणजे पडद्यामागं चालतं. विहिरीवरची मोटर चालू करून आपण दुसऱ्या कामाला जातो, तसंच. कंपनीनं कमांडच्या सुरुवातीला 'नोहप' हा शब्द पण लावला होता. त्यामुळं स्क्रीनवरची विंडो बंद केली तरी मागचं काम थांबत नाही.

मी पीएस कमांड दिली. ती चालू असलेली सगळी कामं दाखवते. काटा वाचणारा प्रोग्रॅम एक दिसायला हवा होता. स्क्रीन त्याच नावाच्या ओळींनी भरून खाली सरकली.

"तात्या, पाळीवर आल्यावर पहिलं काय करता?"

"'काटा सुरू' दाबतो."

"ते आधीच चालू असतं ना?"

"आधीच्या पाळीवाल्यानं चालू केल्यालं. त्याच्यावर मी कशाला बसू? काय बिघडलं तर म्हणंल, माझ्या पाळीत बरं चाललं हुतं. मिलमधी बी असंच हाय. आपलं मशीन आपल्या हातानं सुरू करायचं."

"आणि जाताना?"

"खिडकी बंद करतो की. आपलं आवरून जायचं."

विंडो बंद व्हायची, प्रोग्रॅम मागं तसाच राहायचा. प्रत्येक पाळीला एक नवा. सगळे एकाच केबलला तोंड लावून बसलेले. शेवटचा, खरा आकडा यायचा तो एखादा जुना प्रोग्रॅम उचलायचा. पावती काढणाऱ्या चालू पाळीच्या प्रोग्रॅमकडं त्याच्या आधीचा आकडा राहायचा, म्हणजे ट्रॉलीची मागची चाकं पूर्ण चढायच्या आधीचा. म्हणून वजन चुकायचं ते कमीच, जास्त कधीच नाही.

"मग मागच्या सीझनला असं का नाही झालं?" जीएम साहेब म्हणाले.

"मागच्या सीझनला काटाघराची लाईट जायची. कॉम्प्युटर बंद पडला की सगळे प्रोग्रॅम मरायचे. यंदा तुम्ही यूपीएस बसवला."

साहेब यूपीएसकडं बघत राहिले. त्यांनीच मंजूर केला होता.

मी सगळे प्रोग्रॅम किल केले, एकच चालू केला. बापूरावांनी ट्रॉली खाली घेतली, पुन्हा चढवली. बोर्ड आणि पावती जुळली. त्यांनी दोन्हीकडं दोनदा बघितलं.

"म्हंजी मशीनच काटा मारत हुतं म्हना."

"मशीनला तुझ्या पंगतीचं काय म्हाईत," तात्या म्हणाले. "फुडं घे आता. रांग बघ."

चुकलेल्या पावत्यांची खरी वजनं काट्याच्या मेमरीत शाबूत होती. त्यावरून पावत्या बदलून दिल्या.

स्क्रिप्ट दुरुस्त करणं सोपं होतं. दुसऱ्यांदा कुणी चालू केलं तर 'आधीच चालू आहे' एवढा मेसेज येईल, नवा सुरू होणार नाही, असं केलं. पुढच्या पाळीचा ऑपरेटर आला, मेसेज वाचला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मी सुरू केलं न्हाय, मी बसनार न्हाय." रांग परत थांबली.

मग मी स्क्रिप्ट पुन्हा बदलली. प्रत्येक प्रोग्रॅमला सिस्टिम एक नंबर देते. चालू करताना तो फाईलमध्ये ठेवायचा. पुढच्या वेळी 'काटा सुरू' दाबलं की त्या नंबरचा जुना प्रोग्रॅम आधी थांबवायचा, तो खरंच गेला का बघायचं, मगच नवा सुरू करायचा. ऑपरेटर आत येऊन बसला.

पुण्याच्या कंपनीला मी मेल केला. उत्तर आलं, प्रोग्रॅम एकदाच चालू करावा असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. ते खरं आहे, मी वाचलं. काम पडद्यामागं सोडायला एक चिन्ह पुरतं. ते थांबवायचं कुणी, हे कंपनीनं माणसांवर सोडलं होतं, आणि सस्पेंड फक्त माणसालाच करता येतं.