उंबरखिंडीचा कौल

काशीराम गावडे गिरणीत होते तोवर चार माणसं त्यांचं मत विचारायची. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली. मग घाटकोपरला गोळ्या-औषधांच्या कारखान्यात खोकी बांधायची नोकरी लागली, आणि खोकी काही कुणाचं मत विचारत नाहीत. उरली फक्त आमच्या मंडळाची सहल. वर्षातून एकदा बस एखाद्या जुन्या रणभूमीवर जायची. कुठली लढाई, कुठला रस्ता, सगळं काशीरामकाका ठरवणार. त्या दिवशी ड्रायव्हरच्या शेजारची सीट त्यांची.

गेल्या वर्षी मात्र वाट लागली. काकांनी गाइडबुकात बघून रणभूमी शोधली. अख्ख्या मंडळाने एका दगडाला हार घातला, नारळ फोडला, सेक्रेटरी भाऊरावांनी वीरांवर भाषण ठोकलं. तेवढ्यात शेताचा मालक आला आणि म्हणाला, "सरका जरा, म्हैस बांधायचीय."

"यंदा चुकलास तर पुढच्या वर्षीपासून माथेरान," भाऊरावांनी बजावलं. "घोड्यावर बसू, चिक्की खाऊ. आणि तू मागच्या सीटवर."

यंदा उंबरखिंड होती, खोपोलीच्या पलीकडे. महाराजांनी खानाची फौज जिथे कोंडली ती जागा. आज तिथे स्मारक आहे, पण तेव्हा ना पाटी, ना पुतळा. सगळी मदार पुस्तकावर.

काका स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर पुस्तकांच्या ढिगापुढे उकिडवे बसले. त्यांची रीत ठरलेली. लढाईचं पान उघडायचंच नाही, आधी स्वतःचं गाव काढायचं.

"उंबरखिंड पायजे बोललात ना?" पुस्तकवाला वैतागला. "मग कणकवली काय बघत बसलात?"

"ह्याने आमची नदी गावाच्या भलत्या अंगाला काढलीय. माझी नदी हलवणारा माणूस खिंड जागेवर ठेवील काय?"

असं करत दोन पुस्तकं उरली. एक जाड, मागे घडीचा नकाशा असलेलं. दुसरं पातळ, त्यातल्या नकाशावर दोन तलवारी छापलेल्या. काका दोन्ही घेऊन घरी आले आणि देवाला कौल लावायला बसले. कोकणातली पद्धत ती: देवाला दोन बाजूंना ओले तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा, आधी पडेल तो दाणा देवाचं उत्तर.

"तुमी आता देवाक भूगोल इचारतलात?" जानकीकाकूंनी विचारलं.

"गप रव. उजवो पडलो तर जाडा, डावो पडलो तर पातळ."

डावा पडला.

"पंखो चालू होतो," काकू म्हणाल्या.

"पंखो पण देवाचोच."

सहलीच्या दिवशी काका पातळ पुस्तक छातीशी धरून पुढच्या सीटवर. डांबरी रस्ता संपला तिथे बस थांबली आणि मंडळ पायी निघालं. ओढ्यापाशी वाटेला दोन फाटे फुटले. काकांनी नकाशा उघडला. नेमका तोच फाटा तलवारीच्या मुठीखाली.

"कुठे?" भाऊराव.

"डावीकडे," काका म्हणाले. कौल डावा होता ना.

वाट अरुंद होत गेली. दोन्हीकडे झाडी, वर चढ. मागचे म्हणतात पुढे चला, पुढचे म्हणतात मागे फिरा, आणि वळायला जागा नाही. पाण्याचे कॅन बसमध्ये राहिलेले. पोरं दोन्ही बाजूंच्या उतारावर चढली आणि वरून खाली खडे मारू लागली. एक खडा भाऊरावांच्या टकलावर बसला.

"काशीराम, माझा घसा सुकला. चल परत. हरलो आपण, शरण."

काका गपकन थांबले. वर बघितलं, मागे अडकलेली रांग बघितली.

"भाऊराव, परत बोल."

"काय? शरण?"

"अरे, इथेच. अरुंद वाट, वर माणसं, खाली तहानलेली फौज, मागे फिरायला जागा नाही. खानाची हीच हालत झाली. हीच खिंड."

खोटं ठरवायला दुसरं पुस्तक कुणाकडे नव्हतं.

"म्हणजे मी खान?" भाऊराव म्हणाले.

"फौजेपुढे भाषण तूच करतोस ना दर वर्षी?"

जानकीकाकू मागून म्हणाल्या, "त्या खानान खंय कौल लावललो? तरी हयच पोचलो."

नारळ फुटला. त्यातलं पाणी भाऊरावांना दिलं. ते त्यांनी एका घोटात संपवलं, टक्कल चोळलं आणि करवंटी काशीरामकाकांच्या हातात कोंबली.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "जिंकणाऱ्यांच्या बाजूने ने."