दोघी असतील तरच

जून १९७८, आठवीचा पहिला दिवस. लाखांदूरच्या एस.टी.साठी थांब्यावर हजर: मुलगे सात, मुली दोन. मी आणि माझी मैत्रीण. सातांत तिचा मोठा भाऊ होता. एकदा नापास झाल्याने आमच्याच वर्गात.

तिच्या वडिलांची एकच अट होती. "दोघी असान तं जा. एकटी पोरगी नाई पाठवत मी." मुलांना अट नव्हती. तिच्या भावाची एस.टी. चुकली की तो तलावावर पोहायला जाई, कोणी विचारत नसे.

"दादा, यंदा तरी पास हो," ती त्याला चिडवायची. "नाईतं मी पुढं जाईन."

"तू? चुलीपुढं जाशील!"

सगळे हसत. तीही हसे.

जुलैत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला आणि माझी आई आजारी पडली. धानाच्या बांधीत माझी गरज होती. माझी शाळा थांबली, म्हणून तिचीही थांबली. भाऊ जातच होता. ती रोज संध्याकाळी येऊन विचारी, "कई सरते वो तुमचा रोवणा?"

तो सरायच्या आत भंडाऱ्याहून मामा आला. मुलींच्या वसतिगृहाचे दोन अर्ज घेऊन. "एक तुझ्या मैत्रिणीले दे. दोघी असान तं तिचा बाप नाई म्हननार नाई."

मी कामे क्रमाने लावली. कपडे, शाळेचा दाखला, आईची औषधे काकूला समजावणे, शेवटी अर्ज. मामा मोटारीसाठी घाई करू लागला. अर्ज द्यायचा राहिला. भंडाऱ्यात तो पिशवीत सापडला. टपालाने पाठवू म्हटले, तोवर मुदत संपली.

पुढचे आईने सांगितले. सोमवारी ती दप्तर घेऊन दारात आली. "चाल म्हना तिले, रोवणा सरला."

"ते गेली वो मामासंगं. आता तिथंच शिकते."

ती दप्तर घेऊन तशीच परत गेली.

त्या दिवाळीला तिने माझी पुस्तके चाळली, धडे विचारले. पुढच्या दिवाळीला विचारले नाही. मग ती दुसऱ्यांच्या बांधीत रोवण्याला जाऊ लागली. सोळाव्या वर्षी लग्न झाले. भाऊ दहावीला दोनदा बसला. तिसऱ्यांदाही वडिलांनी फॉर्म भरला.

दहा वर्षांनी ती भेटली. मांडीवर तिसरे मूल, समोरचे दोन दात गेलेले.

"तू हुशार होती, म्हनून मामानं तुले नेलं," ती म्हणाली. "मले कोन नेते?"

मी चहा ओतत राहिले.

अर्ज दोन होते, हे तिला सांगायचे आहे. अजून सांगितलेले नाही.