जबलपूर: मुहूर्त काढायला गेलो आणि जग आडवं आलं

भाच्याचं लग्न ठरलं, तारीख ठरेना. मुलीच्या वडिलांनी ती दोनदा पुढे ढकलली, तेव्हा आमची ताई म्हणाली, "तू जा. रोज टीव्हीसमोर बसून जगाचे प्रश्न सोडवतोस, एक आमचा सोडव." मी पुण्याहून जबलपूरची गाडी पकडली.

हिवाळ्यात जाणार असाल तर जाड स्वेटर न्या. तिथली थंडी पुण्यासारखी फोटोपुरती नसते. मुलीचं घर महाराजपुरात; तिथवर रिक्षावाल्याने दोनशे मागितले, दीडशेत आला.

ताईचे होणारे व्याही वसंतराव मूळचे अमरावतीचे, नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात. तिथे काय बनतं ते आपण विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही. पोहे आणि खव्याची जलेबी (फक्त तिच्यासाठीसुद्धा जा) समोर आल्यावर मी तारखेला हात घातला.

"कशी सांगू, मामासाहेब? तिकडं कुठं युद्ध पेटलं की इकडं माझी सुट्टी रद्द. दोन्ही खेपेला तेच झालं."

"पण लढतायत तर दुसरेच ना!"

"म्हणून काय झालं? कोणाचाच कोणावर भरवसा नाही राहिला जी. जो तो कोठार भरून राहिला."

"मग कन्यादान व्हिडिओ कॉलवर..."

"फोन गेटवरच जमा होतो. अन् एकुलती एक पोर आहे माझी!"

मी दुसरी जलेबी घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही भेडाघाटला गेलो, सोबत नवरीमुलगी श्रुती. नावेत बसाच. दोन्हीकडे संगमरवराचे उभे कडे, मध्ये नर्मदा. नावाडी म्हणाला, "देखिए भैया, दोनों पहाड़ आमने-सामने, फिर भी झगड़ा नहीं. बीच में मैया है." एवढं शहाणपण मी अजून कुठल्या शिखर परिषदेत ऐकलेलं नाही.

तेवढ्यात श्रुती म्हणाली, "मामाजी, डेट फिक्स करा. छुट्टी कॅन्सल झाली तर फॅक्टरीच्या सामनेवाल्या हॉलमध्ये करू, लंचमध्ये. लंच कोणी कॅन्सल नाही करत."

"लग्न? अर्ध्या तासात?" वसंतराव दचकले.

"सात फेऱ्यांना किती वेळ लागते, पापा?"

वसंतराव डोळे पुसून म्हणाले, "फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. सुट्टी मंजूर झाली तर थाटात, नाही तर लंचमध्ये."

घरी येऊन ताईला सांगितलं. डबा खायच्या वेळेत मुलाचं लग्न लागणार, ही कल्पना तिला अजून पचलेली नाही. मला मात्र त्या नावेतले वसंतराव आठवत राहतात. काल टीव्हीवर एक निवृत्त लष्करी अधिकारी गरजले, "आता धडा शिकवायलाच हवा!" सवयीने मी "बरोब्बर!" म्हणायला तोंड उघडलं, तर ताई काकुळतीला येऊन म्हणाली, "अरे, फेब्रुवारी संपेपर्यंत थांबायला सांग ना त्यांना."