कोमलच्या ताटापासून दूर

"काका, कोमलचं वजन अजून उतरलं तर डॉक्टर घरी पाठवा म्हणतायत," रेक्टर मॅडम किचनमध्ये येऊन म्हणाल्या. "मग परीक्षा गेली तिची."

कोमल नामपूरची, फार्मसीला शिकणारी पोर. गंगापूर रोडला मुलींच्या होस्टेलची मेस मी चालवतो. माझी रीत पंगतीची. ताटाशी उभं राहायचं, नको म्हटलं तरी वाढायचं. कोमलला तर भातावर आमटी दोनदा ओतायचो. ती ताट तसंच ठेवून उठायची.

होस्टेलात समुपदेशक मॅडम येतात. लोकांच्या मनातलं ऐकून घेणं हे त्यांचं काम. कोमलला विचारून त्यांनी तिच्या आईला अन् मला बोलावलं.

"कोमलला ऑटिझम आहे," मॅडम म्हणाल्या. "वास, चव, गिळगिळीतपणा तिला आपल्यापेक्षा फार जाणवतो. अशा काही जणांना खाण्याचा आजारही जडतो. बारीक व्हायचं खूळ नाही हे. घासाचीच धास्ती बसते."

"लोक म्हणतात, आईनेच लाडावली," आई म्हणाली. "पोर नाटकी नही शे, मॅडम."

"नाहीच. आणि तुमचीही चूक नाही."

आई उठून किचनमध्ये गेली अन् कांदे चिरायला बसली. तिथं कोण कशाने रडतंय, कुणी विचारत नाही. बायको गेल्यावर मीही महिनाभर तेच काम धरलं होतं.

मी सरळ कोमललाच विचारलं, "तुला चालतं काय?"

"कोरडी पोळी. दही वेगळ्या वाटीत. वरण भातावर नको. अन् काका, तुम्ही जवळ उभे राहू नका."

"मग वाढू कसं?"

"नकाच वाढू. मी घेईन."

एवढं तोंडावर मला फक्त बायको बोलायची. मी हसलो. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "काका, ती सांगते तेच करा. नवीन पदार्थ ती म्हणेल तेव्हा."

कोपऱ्यातलं टेबल तिला दिलं. डॉक्टरांची तपासणी चालू होतीच. आधी वजन उतरायचं थांबलं, मग हळूहळू चढलं. आई रोज फोनवर 'जेवलीस का' विचारायची, ते सोडून 'आज काय केलं' विचारायला लागली. कोमल परीक्षेला बसली.

एक दिवस तिने स्वतःहून वाटीत वरण घेतलं. माझा हात पळीकडे गेला.

"काका," रेक्टर मॅडम म्हणाल्या.

मी पळी घेऊन नळावर गेलो. घासायला.

जन्मभर वाटत होतं, माणूस आग्रहाने जेवतो. काही माणसं वाढपी लांब गेला की जेवतात.