निंबाखालचा आकडा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या कॉलेजात मुलांना कोडमधल्या चुका शोधायला शिकवत होते. फोन ठेवून पुन्हा फळ्याकडे वळले, तर मीच लिहिलेलं मला वाचता येईना... डोळ्यांपुढे येत राहिली ती चोपड्याची दुपार, निंबाच्या सावलीत टांगलेला तापमापक आणि त्याच्यासमोर श्वास रोखून उभी असलेली एक ठेंगणी बाई.

सुमनअक्का शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायच्या. भर दुपारी अंगणात नेऊन एकेकीला तापमापक वाचायला लावायच्या, तेही श्वास रोखून. "तुमची वाफ लागली तर पारा खोटं बोलेल," म्हणायच्या. आम्ही तोंडावर हात ठेवून हसायचो. घरीही अंगणातल्या निंबाखाली तापमापक टांगून त्या रोज दुपारी तीन वाजता वहीत पाऱ्याचा आकडा लिहायच्या, लग्नकार्य असो की आजारपण. निवृत्तीनंतर माझ्या मागे लागून कोड लिहायला शिकल्या, आणि शिकल्या त्या अशा, की पुढे माझ्याच चुका काढू लागल्या.

त्यांच्या धाकट्या भावाची केळीची बाग. बागेला पाणी कधी द्यायचं ते सांगणारं ॲप त्याच्या मोबाइलवर होतं. एका वैशाखात तो वैतागून आला, "अक्का, ऐन तापमा हाऊ मोबाइल काबरं मुका व्हई जास?" ऐन उन्हाच्या दिवसांत ॲप काहीच सांगेना. अक्कांनी छडा लावला. ते ॲप हवामानाच्या एका ओपन सोर्स लायब्ररीवर चालायचं, म्हणजे जगात कुणीही वाचावा, सुधारावा असा खुला कोड. त्यात एक ओळ होती: पंचेचाळीसच्या वरचा आकडा आला, की यंत्र बिघडलं समजून तो टाकून द्यायचा. अक्का पोट धरून हसल्या. "बिघाड नही शे रे भाऊ, हाऊ आपला उन्हाळा शे!"

त्यांनी दुरुस्ती पाठवली. लायब्ररी सांभाळणारा माणूस कुठल्याशा बर्फाच्या देशातला. त्याने अदबीने विचारलं, तापमापक उन्हात तर नाही ना? अक्कांनी निंबाचा फोटो पाठवला, वहीची पानं पाठवली. त्याला पटलं. फक्त ती मर्यादा पुन्हा कुणी चुकून आणू नये म्हणून एक टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड, लिहून द्या, मग दुरुस्ती घेतो, म्हणाला. तोवर अक्कांना धड दिसेनासं झालं होतं. "तेवढी तू लिही ना," त्या मला म्हणाल्या. अर्ध्या तासाचं काम. "रविवारी करते, अक्का." असे किती रविवार गेले... त्या एकदाही रागावल्या नाहीत, आणि आता मलाच माझा राग येतो.

परवा चोपड्याला गेले. ओसरीत त्यांच्याच संगणकावर बसले, वहीतला एक आकडा घेऊन ती टेस्ट लिहिली आणि त्यांच्याच खात्यावरून पाठवली. वर पंखा गरगरत होता, बाहेर पान हलत नव्हतं. त्या पेंगुळलेल्या उजेडात अक्का आत चहा टाकतायत असंच वाटत राहिलं... माझाही डोळा लागला असावा. जागी झाले तर उत्तर आलेलं. दुरुस्ती स्वीकारली होती, अक्कांच्या नावाने. त्या गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. माझ्याने लिहवलं नव्हतं. खाली त्याने सहज विचारलं होतं, "बाई, आज तुमच्याकडे किती आहे?"

तीन वाजले होते. मी उठले, निंबाखाली गेले, श्वास रोखला. सेहेचाळीस. आकडा केव्हाच वाचून झाला होता, पण श्वास सोडवेना.